भाभीच्या तीन ओळी

देवासला थंडी पडल्याची पहिली खबर लागते ती गराडूच्या ठेल्यावर. कढईतून तळलेल्या कंदाचे तुकडे निघतात, त्यांवर जिरावणाचा मसाला पडतो, लिंबू पिळलं जातं आणि आम्ही समजतो, आता रजाया काढायला हव्यात. काल संध्याकाळी बाजारातून येताना तो वास आला आणि पाय आपोआप वळले. पानाचा दोणा हातात घेतला, पहिलाच तुकडा घाईनं तोंडात टाकला नि जीभ पोळून घेतली. ठेलेवाला म्हणाला, "आंटीजी, आराम से." मी आरामात खायला लागले, तर खाण्यावरचं लक्षच उडालं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शालिनीताईंबरोबर इथंच उभी होते. त्यांचा दोणा हातातच गार झाला होता आणि त्या म्हणाल्या होत्या, "विजया, या थंडीत तेवढं होऊ दे गं. मग माझं काही मागणं नाही."

ते झालं. म्हणजे छापून झालं. पण जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, आणि ही हुरहुर दर थंडीत अशी कढईतून वर येणार, याची मी आता तयारी करून ठेवली आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही ‘देवधारा’तल्या निवडक कवितांचं पुस्तक करत होतो. आम्ही म्हणजे मी आणि धारचे बाळासाहेब. ‘देवधारा’ हे देवास आणि धार या दोन गावांतल्या मराठी माणसांचं त्रैमासिक. संस्थानं होती तेव्हा सुरू झालं, संस्थानं गेली तरी चालत राहिलं, आणि अलीकडे वाचणारेच उरले नाहीत म्हणून बंद पडलं. निदान कविता तरी एका जागी राहाव्यात, असं दोघांनाही वाटलं. बाळासाहेब हे ‘देवधारा’च्या सगळ्यात नावाजलेल्या संपादकांचे, नानासाहेबांचे, चिरंजीव. वकिली केलेले, पंचाहत्तरीच्या पुढचे, घराणं जुन्या दरबारातलं. वडिलांचा उल्लेख अजून ‘आमचे तीर्थरूप’ असा करतात. मी पडले कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. वडील नोकरीसाठी सांगलीकडून इकडे आले आणि इकडचेच झाले. मी बँकेत नोकरी केली, दिवसभर हिंदी बोलले, संध्याकाळी घरी येऊन "आई, खूप थकान आली गं" असं मराठी बोलले. पुण्याच्या मावशा हसायच्या. हसू देत. पस्तीस वर्षं मी ‘देवधारा’चा एक अंक चुकवला नाही, त्यांच्यापैकी कोणी तेवढं मराठी वाचलं असेल तर दाखवावं.

कामाची आमची रीत ठरली होती. धारहून अंकांचे गठ्ठे यायचे, मी ते गच्चीवर चटई टाकून उन्हात मांडायचे. कसर लागलेले, शिलाई सुटलेले, कुठे चहाचा डाग, कुठे पानात ठेवलेलं पिंपळपान. माळव्याची हिवाळ्यातली धूप फार प्रेमळ असते, पाठीवर हात ठेवल्यासारखी बसून राहते. मी वाचायची आणि खुणा करायची. महिन्यातून एकदोनदा इंदूरला बस बदलून धारला जायची, नाहीतर बाळासाहेब इकडे यायचे. मग कविता मोठ्यानं वाचून घ्यायची, काय ठेवायचं ते ठरवायचं.

एवढ्या वर्षांच्या कविता एकदम वाचल्या की गंमत वाटते आणि मग वाईट वाटतं. आमच्या कवींनी समुद्राच्या कविता किती लिहिल्या असतील, विचारू नका. धारमध्ये जन्मले, तलावाकाठी वाढले, आणि लाटा लिहितात कोकणातल्या. कृष्णा येते, सह्याद्री येतो, आंब्याचा मोहोर येतो. इथला गहू येत नाही. पळस फुलून सगळं रान लाल होतं ते येत नाही. शेजारची बाई मालवीत हाक मारते ती तर चुकूनही येत नाही. मी बाळासाहेबांना म्हटलं, "एवढ्या कवींमध्ये देवासमध्ये राहत कोणीच नव्हतं का?" ते हसले. म्हणाले, "विजयाबाई, आपला प्रांत सुटलेली माणसं ती. मराठी जपायची तर कुंपण घट्ट हवं, असं तीर्थरूपांचं मत."

ते कुंपण म्हणजे नानासाहेबांची लाल पेन्सिल. अंकाच्या आधी दर वेळी त्यांच्या दिवाणखान्यात बैठक बसायची. आलेली प्रत्येक कविता ते स्वतः मोठ्यानं वाचत आणि वाचता वाचता दुरुस्त करत. हिंदी किंवा मालवी शब्द दिसला की काढला, त्या जागी शुद्ध मराठी घातला. वृत्त सांभाळून घालत, तो हात त्यांचा मोठा होता. लोकांना त्यात मानच वाटायचा. नानासाहेबांची पेन्सिल लागली म्हणजे कविता पास झाली. महाराष्ट्रातलं कुठलं मासिक असला खटाटोप करणार नाही, त्यांना गरजच नाही. आम्हाला होती. चहूकडून हिंदी, मध्ये आमचं चिमूटभर मराठी, ते विरघळून जाईल ही भीती. भीती खोटी नव्हती. माझी भाची मराठी पुस्तकाचं एक पान वाचायला अर्धा तास घेते आणि मग विचारते, "मावशी, इसका मतलब क्या?" म्हणून नानासाहेबांवर मला धड रागावताही येत नाही. तरी राग येतो.

शालिनीताई आल्या त्या या रागाला कारण घेऊन. आमच्याच वसाहतीत राहणाऱ्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन साताऱ्याकडून देवासला आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. ‘देवधारा’त त्यांची एकच कविता छापून आली, मीही ती निवडून ठेवली होती. नाव ‘धीर’. चांगली, सोज्वळ कविता. शेवट असा:

रात्र सरे, उजळे पूर्वा,
धीर धरावा व्याकुळ जीवा.

त्या गच्चीवर आल्या, चटईवर बसल्या, अंक हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा शेवट माझा नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी राहते, हळदीकुंकवाला जाते, पण हे मला ठाऊक नव्हतं. वसाहतीत आता कोणालाच नव्हतं. त्यांचं पहिलं बाळ, मुलगा, जन्मल्यावर आठ दिवसांत गेला. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. नाव नाही, फोटो नाही, श्राद्धाचा दिवस नाही, पान नाही. सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि म्हणाल्या, आता हा विषय नको. यजमान कामावर गेले. ताई खोलीत बसून राहिल्या. शेजारच्या खोलीत टोंकखुर्दचं एक कुटुंब होतं, नवरा त्याच कारखान्यात. त्या बाईला सगळी वसाहत भाभी म्हणायची. भाभी आत आली, ताईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली:

रोई ले बाई, जी भरी ने रोई ले.
आज थारो चूलो हूँ सिलगऊँगा.
थारो नानो म्हारे बी याद रेगा.

रडून घे, आज तुझी चूल मी पेटवते, तुझं बाळ माझ्याही लक्षात राहील. ‘नानो’ म्हणजे मालवीत लहानगा. ताईंनी कविता लिहिली ती या बाईवर. आधीचं सगळं मराठी आणि शेवटी तिच्या या तीन ओळी, जशा ती बोलली तशाच. नानासाहेबांनी त्या काढल्या आणि पूर्वा उजळवली.

"अगं, त्या कवितेत बाळाचा उल्लेखच तेवढा एक होता," ताई म्हणाल्या. "बाकी मी कुठं लिहिलं नव्हतं. लिहवलंच नव्हतं. तो तिच्या तोंडी होता तेवढाच."

अंक आला तेव्हा ताई हौसेनं तो घेऊन भाभीकडे गेल्या. तुझ्यावर कविता केली आहे म्हणाल्या, वाचून दाखवली, मराठीचा अर्थ हिंदीत सांगत गेल्या. भाभी स्वयंपाक करता करता ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "इमें नानो काँ हे?" यात बाळ कुठे आहे?

ताईंनी अंक मिटला. भाभी रागावली नाही, पण त्यानंतर दोघींमध्ये तो विषय निघाला नाही. काही वर्षांनी भाभीचा नवरा नोकरी सोडून गावी शेतीवर गेला. ताईंना दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. कोणी विचारलं तर ताई सांगतात, मला दोन मुली. भाभी टोंकखुर्दला आहे, ठीक आहे, एवढं येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळायचं. "मला ही कविता माझ्या शेवटासकट छापून हवी आहे," ताई म्हणाल्या. "मग मी पुस्तक घेऊन तिच्याकडे जाणार आणि वाचून दाखवणार. ती आहे आणि मी आहे तोवर."

मी म्हटलं, चला ना, उद्याच जाऊ. टोंकखुर्द काय लांब आहे. त्या मान हलवून नाही म्हणाल्या. छापील अंकातून काढलं होतं, तर छापूनच दाखवायचं. तोंडी सांगून काय उपयोग, त्यांचं म्हणणं. मला तेव्हाही तो हट्ट कळला आणि आजही कळतो. पण आज वाटतं, कोणीतरी त्या दिवशी त्यांचा हट्ट मोडायला हवा होता.

बाळासाहेबांना मी पुढच्याच भेटीत सांगितलं. धारला त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो, तलावावरून गार वारा येत होता, त्यांनी मफलर कानांवरून घेतला. सगळं ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण आपण एक नियम केला आहे. अंकात छापलं तेच प्रमाण. एकीचं बदललं तर सगळ्यांचं बदलावं लागेल."

"सगळे आता कुठे आहेत बदलायला?" मी म्हटलं. "ज्या आहेत त्या बिचाऱ्या एकच गोष्ट मागताहेत."

"हस्तलिखित आहे का?"

हस्तलिखित कुठून असणार? नानासाहेब आलेल्या कवितांच्या पाठकोऱ्या कागदांवर पुढच्या अंकाचा मजकूर लिहीत, मग ते कागद बंबात जात. हे बाळासाहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, लहानपणी ते स्वतःच ते कागद बंबात घालत असत. तरी त्यांनी कपाटं काढली, माळे उपसले. पंधरा दिवस त्यात गेले. मग ते म्हणाले, तळटीप देऊ. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तळाला नको. त्याला आधीच तळाला घातलंय." हे ऐकून मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. फोनवर मी बाळासाहेबांशी भांडलेसुद्धा. ते शांतपणे म्हणाले, "आपण म्हणता ते खरं असेल. पण मी या ओळी घातल्या म्हणजे तीर्थरूपांनी चूक केली असं मी छापलं. ते उत्तर द्यायला नाहीत."

अशी थंडी चालली होती. दुपारी ऊन खाणं, संध्याकाळी फोनवर वाद. नाताळ गेला, पौष लागला, शेतांत गव्हाला पाणी सुटायचं आणि सकाळी धुक्यात इंदूरची बस दिवे लावून यायची. बाकीच्या कविता भराभर लागत होत्या. समुद्राच्या कवितांना आम्ही कात्री लावली, त्यात आमचं एकमत होतं. ‘धीर’चं पान तेवढं कोरं होतं. ताई रोज विचारायच्या नाहीत. गच्चीवर येऊन अंक चाळत बसायच्या आणि जाताना माझ्याकडे बघायच्या. ते विचारण्यापेक्षा वाईट.

संक्रांतीनंतर एका सकाळी बाळासाहेबांचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाले, "काल नातीला कविता वाचून दाखवत होतो. तिला मराठी जेमतेम. ‘धीर’ वाचली, छापील होती तशी, ती मोबाइल बघत होती. मग म्हटलं पाहू, म्हणून त्या बाईंच्या ओळी वाचल्या. तिनं मान वर केली. मला म्हणाली, आजोबा, वो बच्चा कौन था?" मग म्हणाले, "आमच्या तीर्थरूपांना असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली असती. मला वाटतं, ठेवली असती. आपण ओळी घाला."

घातल्या. तळटीप नाही, खुलासा नाही, कवितेच्या शेवटी, जिथं असायला हव्या होत्या तिथं. मी ताईंना सांगायला गेले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि निवडलेली मेथी पुन्हा देठांच्या ढिगात टाकत बसल्या. मग छपाई, तिच्यात उशीर, मग मुखपृष्ठ. पुस्तक हातात आलं तेव्हा हवेतला गारवा जाऊन होळीची चाहूल लागली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही टोंकखुर्दला गेलो. वाटेत गहू पिवळा पडायला लागला होता, हरभऱ्याची काढणी चाललेली, रस्त्याकडेला पळस. ताईंनी इरकली साडी नेसली होती आणि पुस्तक पिशवीत न ठेवता मांडीवर धरलं होतं. गाडीत त्या ओळी पुटपुटत होत्या. मी म्हटलं, "समोर छापलंय की, पाठ कशाला करताय?" तर लाजल्या.

भाभी अंगणात खाटेवर बसली होती. वाळलेली, पण ताठ. तिनं ताईंना बघितलं आणि क्षणही लागला नाही, दोन्ही हात पसरून ओळखलं. जवळ बसवून घेतलं, तोंडावरून हात फिरवला, साडीचा पदर चाचपून पाहिला. मग सुनेला आपल्या मोठ्या, खणखणीत आवाजात सांगू लागली, ही माझी देवासची बाई, आमची भिंत एक होती. आणि बोटं मोजून म्हणाली, "इके तीन. दो छोरी ने एक नानो."

ताईंना तीन मुलं आहेत असं माझ्यासमोर तरी आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. घाईघाईनं त्यांनी पुस्तक उघडलं, पान काढलं, भाभीपुढे धरलं आणि वाचायला लागल्या. मराठी भाग सोडूनच दिला, थेट शेवटावर आल्या. भाभी पुस्तकाकडे बघत नव्हती, ताईंच्या तोंडाकडे बघत होती, हसत होती, मान डोलवत होती. तीन ओळी झाल्या. भाभी म्हणाली, "कँई के री हे बाई?" काय म्हणतेस बाई?

सून ओशाळून पुढे आली. "उनको सुनाई नहीं देता, आंटीजी. दिवाली तक तो सब सुनती थीं. मैं रसोई में धीरे बोलूँ तो भी यहाँ से जवाब देती थीं. पूस में बुखार आया, बहुत तेज, उसके बाद कान गए." आणि वाचता तर भाभीला कधीच येत नव्हतं.

पौषात. मी ताईंकडे बघितलं नाही. पौषात आम्ही तळटिपेवर बोलत होतो.

ताई पुन्हा वाचू लागल्या, मोठ्यानं. मग भाभीच्या कानाशी तोंड नेऊन, अजून मोठ्यानं. जे एका बंद खोलीत, दोघींपुरतं, हळू बोललं गेलं होतं ते त्या अंगणात ओरडून सांगू लागल्या. पलीकडच्या घरातून बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर पुसणारा एक माणूस थांबून बघू लागला. ताईंचा आवाज फाटला तरी त्या थांबेनात. "नानो छापलाय गं," मराठीत म्हणाल्या, मग हिंदीत, मग मालवीत, पानावर बोट आपटत. "यो देख. इमें हे. इमें नानो हे."

भाभीनं आपला सुरकुतलेला हात ताईंच्या ओठांवर ठेवला.

"बस कर बाई," ती म्हणाली, "गलो बैठी जायगा." आणि सुनेकडे वळून तिनं चहा टाकायला सांगितलं.